ओल्या पडद्याची पाठ

जवळ या. खांबाला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. हिच्यात देव आहे, यंत्र आहे, आणि एका मास्तराच्या तोंडून निसटलेलं एक नाव आहे. मन लावून ऐकाल तर कीर्तन ऐकल्याचं पुण्य पदरात पडेल असं मी म्हणत नाही. पण घरी गेल्यावर ज्या दारामागे तुम्ही कधी डोकावला नाहीत तिथे एकदा डोकवाल, एवढं मात्र खात्रीनं सांगतो. शके अठराशे तीसच्या आगेमागे देवासला टेकडीखाली एक खाजगी शाळा होती. तिथे कृष्णाजी नावाचा मास्तर मराठी आणि भूगोल शिकवी. वय तिशीच्या आसपास, अंगानं काटकुळा, आवाज मात्र हरिदासाचा. गावात कुठेही कीर्तन असो, थोरल्या राजाच्या पातीत असो की रस्ता ओलांडून धाकट्या राजाच्या पातीत, हा आधी जाऊन पुढची जागा धरणार. गोष्ट त्याची म्हणून सांगतोय. कुणाची आहे ते तुम्हीच ठरवा.

चैत्रातली दुपार होती. काळोखात पडद्यावर चित्रं पाडणाऱ्या कंदिलाचा तास नुकताच संपला होता. खिडक्यांवरची गोणपाटं पोरांनी ओढून काढली आणि उजेड एकदम अंगावर आला. घासलेटच्या धुरानं कृष्णाजीचा घसा सुकला होता. एरवी तास संपला की मागच्या दारातून, पडदा म्हणून टांगलेल्या ओल्या धोतराच्या कडेनं, एक हात पाण्याचा तांब्या पुढे करी. आज तो हात आला नाही. शाळेची पाणकी राजाबाई घागर घेऊन विहिरीवर गेली असावी. म्हणून त्यानं स्वतःच धोतर बाजूला सारलं आणि रांजणांच्या खोलीत पाऊल टाकलं. तीन वर्षं झाली होती या शाळेत, पण या खोलीत आपण आज पहिल्यांदाच येतोय, हे त्याला आत आल्यावर कळलं. खोलीला खिडकी नव्हती. ओल्या मातीचा गार वास, तीन रांजण, दारासमोर बसायला एक पाट. त्यानं तांब्या बुडवला, वर पाहिलं, आणि तांब्या हातात तसाच राहिला. पलीकडच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी काढलं होतं. एकाखाली एक सात-आठ ओळी, सगळ्या एकसारख्या. सगळ्यांत खालच्या ओळीला हळद-कुंकू वाहिलेलं. ती अक्षरंच होती, आणि अक्षरं नव्हतीही. ओळखीचा माणूस पाठमोरा उभा असावा, हाक मारावी आणि त्यानं वळू नये, तसं काहीतरी. मग डोळे आपसूक उजवीकडून डावीकडे सरकले आणि ओठ हलले. "जयसिंगराव," कृष्णाजीनं वाचलं. मोठ्यानं वाचलं. वाचलेलं मनात ठेवायची मास्तरांना सवयच नसते.

"किसका नाम लिया, भिया?" मागून उमाशंकर पंडितजींचा आवाज आला. ते शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवीत. काळोखात विद्या कशी वाढेल, असं म्हणून कंदिलाच्या तासाला वर्गाच्या बाहेर जाऊन बसत. तेही आता आत डोकावले. भिंतीकडे पाहत त्यांनी डोळे बारीक केले, मग एकदम दोन पावलं मागे सरले. "उलटा लिखा है! ऊपर से कुंकू! राम राम राम. मास्तर, ये तो करणी है. अरे, सरदारसाहेब बारह दिन से बुखार में पड़े हैं और इहाँ उनका नाम उलटा टँगा है!" जयसिंगराव सरदार हे शाळेचे मोठे आश्रयदाते. तो कंदील त्यांनीच मुंबईहून मागवून दिलेला. त्यांना बारा दिवस ताप होता ही गोष्ट खरी, आणि वैद्य-डॉक्टर दोघांनी हात टेकले होते हेही खरं. त्यांचे कारभारी रघुजी त्या वेळी शाळेच्या ओट्यावरच बसले होते. पंडितजींचा आवाज ऐकून ते आत आले. आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या अंगणातून डोईवर घागर घेऊन राजाबाई आली. चाळिशी उलटलेली, रापलेली, पदर घट्ट खोचलेली मराठ्यांची विधवा बाई.

"तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत येऊ नकोस," रघुजी म्हणाले. "हे भिंतीवरचं कुणी काढलं?"

"मीच जी," राजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. लाजल्यासारखं काहीतरी होतं, परकर-पोलक्यातल्या पोरीचं पहिलं भरतकाम कुणीतरी पाहावं तसं. "रोज एक ओळ काढते."

"रोज! बघा पंडितजी, वर तोंड करून सांगते! कुणी शिकवलं गं तुला हे? कुठल्या भगतानं?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. तिनं पंडितजींकडे पाहिलं, रघुजींच्या वळलेल्या मुठीकडे पाहिलं, आणि मग सरळ कृष्णाजीकडे. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना यांना."

काय सांगायचं? आपली रदबदली कर, असं ही बाई म्हणते आहे, एवढंच कृष्णाजीला वाटलं. त्यानं तांब्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा रांजणात बुडवला. रघुजींनी तिची दुसरी रिकामी घागर पायानं बाहेर ढकलली, ती ठणठणत अंगणभर गेली. राजाबाईनं डोईवरची भरलेली घागर खाली उतरवली, पाणी न सांडता, उंबऱ्याशी नीट टेकवून ठेवली. रिकामी उचलली आणि ती निघून गेली. स्वतः निघण्याआधी रघुजींनी भिंतीवरची आकृती एका कागदावर उतरवून घेतली, भगताला दाखवायला. मग भिंतीवर शेण फासायला सांगितलं.

घरी जाताना कृष्णाजी रस्त्याच्या मधोमध चालला, आपण कुठल्या पातीतून चाललो आहोत याचं भान नसल्यासारखा. टेकडीवर मातेच्या देवळात आरतीची घंटा वाजत होती. करणी असेल का? असेलही, त्यानं स्वतःशी म्हटलं. माणसाच्या पोटातलं कुणाला ठाऊक. पण 'तुम्ही तरी' हा शब्द कानातून जाईना. तुम्ही तरी म्हणजे काय? इतर कुणाला ठाऊक नसलं तरी तुम्हाला ठाऊक आहे, असंच ना? काय ठाऊक आहे मला? तो आठवू लागला, तर त्याला राजाबाईचा चेहरासुद्धा नीट आठवेना. हात आठवला, तांब्या धरलेला, कोपरापर्यंतचा. तासभर पडद्यावर पाण्याचे शिंतोडे पडायचे तो सप्-सप् आवाज आठवला. धोतर कोरडं झालं की सुरकुततं, चित्र फाटतं, म्हणून ते सारखं ओलं ठेवावं असं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. वर्गाची भिंत निळीची, तिच्यावर चित्र उठेना. म्हणून मागच्या दाराच्या चौकटीत धोतर ताणलं, आणि ते ओलं ठेवायला दारातूनच पाट देऊन मागच्या बाजूला राजाबाईला बसवलं. त्यानंच बसवलं. मग विसरून गेला.

आणि विसरणार नाही तर काय. त्या काळोखानं त्याला वेड लावलं होतं. शाळेतली निम्मी पोरं घरी माळवी बोलणारी. मराठीत काही विचारलं की मान खाली. एक चुकीचा शब्द तोंडातून गेला की बाकीची खिदळणार, म्हणून तोंडच उघडायचं नाही. मानाजी नावाचा एक पोरगा तर पहिल्या वर्षभरात 'हजर' सोडून दुसरा शब्द बोलला नव्हता. मग कंदील आला. कृष्णाजीनं काचेच्या तुकड्यांवर दिव्याची काजळी धरली आणि सुईनं अक्षरं कोरली, नद्या कोरल्या, डोंगर कोरले. खिडक्या बंद झाल्या, आणि धोतरावर उजेडाची एक वाकडी रेघ उमटली. काळोखातून कुणीतरी ओरडलं, "अरे, या तो म्हाकी सिपरा हे!" कोण बोललं? कुणीच कुणाला दिसत नव्हतं. हसणार कुणाला? आपली क्षिप्रा ओळखणारा तो आवाज मानाजीचा होता. त्या दिवसापासून तास म्हणजे एक घोष झाला. तो 'क' म्हणे, तीस गळे 'क' म्हणत. उजेडात न बोलणारी पोरं काळोखात भांडून उत्तरं देत. कृष्णाजीच्या अंगात हरिदास संचारे. त्यानं तासाला कीर्तनाचीच घडी घातली होती, आधी नमन, मग अक्षरांचा पूर्वरंग, शेवटी एखाद्या गोष्टीची चित्रं, तो उत्तररंग. पोरांना ठाऊक नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं की आपण इथे शाळेच्या नावाखाली कथा लावली आहे, आणि त्या चोरट्या आनंदानं त्याचा ऊर भरून येई.

नमनाला पहिल्यांदा गणपती होता. चांगला जमला होता तो, एका रेघेत सोंड वळवलेला. मग रघुजी एकदा तास पाहायला आले. म्हणाले, "मास्तर, देव आहेच हो, तो कुठे पळतोय. पण यंत्र ज्यांनी दिलं त्यांचं नाव नको का यायला? सुरुवातीलाच यावं. पोरांनी उभं राहून दोन हात जोडावेत." कृष्णाजी आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. 'कंदील राहायला हवा ना मास्तर?' असं रघुजी म्हणाले नाहीत, पण वर्गातून निघताना कंदिलाच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी कृष्णाजीनं नवी काच कोरली. त्या काचेवरचं नाव तो कधी वाचून दाखवत नसे. तेवढं त्यानं स्वतःपुरतं राखलं होतं. नुसतं म्हणे, "उभे राहा. हात जोडा." पोरं हात जोडीत, घटकाभर सगळं शांत असे, धोतरावर उजेडाचं नाव थरथरे. मग 'बसा', आणि तास सुरू. देवाच्या जागी माणूस बसवल्याचं कृष्णाजीला सुरुवातीला बोचलं, पुढे बोचायचं थांबलं. काळोखात डोळे मिटून तो मनातल्या मनात गणपतीचं स्मरण करी आणि दोन्हीकडचं सांभाळलं असं समजे.

दुसऱ्या दिवशी कंदिलाचा तास नव्हता, कारण धोतर ओलं करायला कुणी नव्हतं. कृष्णाजी रिकाम्या वर्गात काचा पुसत बसला. उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. त्यानं पहिली काच उचलली, फुंकर मारली आणि धूळ दिसावी म्हणून उजेडाकडे धरली. उलटी धरली गेली. कालची भिंत त्याच्या हातात होती. तेच ते वळण. तोच 'ज', पोट जरा जास्त फुगवलेला, त्याला लहानपणी पंतोजी ज्यावरून छडी मारत तोच. भिंतीवरचं हस्ताक्षर राजाबाईचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. काच त्याच्या बोटांत इतकी गार लागली की ती ओली आहे असं वाटून त्यानं ती नेसत्या धोतराला पुसली, आणि काजळीचा एक कोपरा फिसकटला. ती पाटावर बसून होती. वर्षभर. उजेड धोतरातून आरपार जात होता, याच्या तीस पोरांवर संपत नव्हता. तो 'क' म्हणत होता आणि पलीकडे कुणीतरी न बोलता ओठ हलवत होतं, आणि त्या बाजूला 'क' पाठमोरा उमटत होता. यंत्राचा नियम त्याला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? कापडाच्या पाठीमागून चित्र उलटं दिसतं हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं. पण उलटं दिसायला तिथे कुणीतरी असावं लागतं. आणि तिथे कुणी आहे, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. 'तुम्ही तरी सांगा'. करणी नाही म्हणून सांगा, असं ती म्हणत नव्हती. मला तुम्ही शिकवलंत, हे सांगा, असं म्हणत होती.

इथे तुम्ही म्हणाल, उठला असेल आणि धावला असेल. नाही उठला. तीन दिवस नाही उठला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं हे त्यानं तीन दिवस घोळवलं. हे नाव कंदिलानं उलटं केलं, असं सांगितलं की पंडितजी म्हणणार, मग करणी कंदिलाचीच. रघुजी म्हणणार, बंद करा ते सोंग. काळोख जाईल. मानाजी पुन्हा मान खाली घालून 'हजर' म्हणेल. एका पाणकीसाठी तीस पोरांची वाचा घालवायची? असा प्रश्न तो मनाला विचारी आणि प्रश्नाची मांडणी इतकी चोख होती की त्याला तिची शिसारी येई. वर्गात 'क' फळ्यावर काढला की डोळे तो उलटा करून पाहत. तिसऱ्या दिवशी विहिरीवर दोन बाया बोलताना त्यानं ऐकलं. राजाबाईला कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं. ती धार गावी बहिणीकडे निघून गेली होती. "जाताना बी मागं वळून न्हाई पाह्यलं," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पाहील कशी, तिची उलटी नजर." दोघी हसल्या. कृष्णाजी तिथून सरळ शाळेत आला, कंदील सतरंजीत गुंडाळला आणि जयसिंगरावांच्या वाड्यावर गेला.

जयसिंगराव माडीवर अंथरुणाला खिळलेले. खाली दिवाणखान्यात त्यांच्या मातोश्री भवानीबाईंना निरोप गेला. त्या गोषातल्या, बाहेर येणार नव्हत्या. दिवाणखान्याच्या आणि माजघराच्या मधल्या दारात कृष्णाजीनं धोतर ताणलं. पुरुषमंडळी अलीकडे बसली, भवानीबाई आणि घरातल्या बायका पलीकडे. पाणी आतून कुणीतरी मारलं, तोच सप्-सप् आवाज. रघुजी कुरकुरले, "घरात आजारी माणूस आणि मास्तर, तुम्हाला तमाशा सुचतो!" कृष्णाजी कामाला लागला. दारं लावली, वात वर केली, पहिली काच सरकवली. अलीकडच्या बाजूला नाव सरळ उमटलं. मालकाचं नाव पाहून दोघा-चौघांनी हातसुद्धा जोडले. मग धोतरापलीकडून कांकणं वाजली.

"रघुजी," भवानीबाईंचा आवाज आला, "तुम्ही त्या भिंतीवरून उतरवून आणलेला कागद माझ्या हातात आहे. अक्षर मला येत नाही, पण डोळे आहेत. कागदावर आहे तेच इथे कापडावर आहे. मग करणी मास्तरांनी केली म्हणायची की काय?"

"आईसाहेब, इकडून तर सरळच दिसतंय," रघुजी म्हणाले.

"तिकडून दिसत असेल."

कृष्णाजीचा आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा निघाला नाही. "आईसाहेब, तुम्ही बसलात त्याच बाजूला ती बाई वर्षभर बसत होती. पडदा ओला करायला मी बसवली होती. तिला जसं दिसलं तसं तिनं लिहिलं. अक्षर माझं आहे. भिंतीवरचं ते नाव मोठ्यानं वाचलं तेही मीच. मी वाचलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

पलीकडे कागदाची घडी वाजली. मग भवानीबाई हळू म्हणाल्या, "आमच्यासारखीच बसत होती म्हणायची." आणि मग घरच्या मालकिणीच्या आवाजात, "रघुजी, त्या बाईवरचा आळ तुमच्या तोंडून निघाला, तुमच्याच तोंडानं परत घ्या. आज, चव्हाट्यावर. आणि मास्तर, यंत्र इथे ठेवून जा. माझ्या लेकाचं नाव कुठेही उलटं उमटायला नको. आई आहे मी. रागावू नका." नावाची काच काढून टाकतो, पुन्हा गणपती लावतो, हे शब्द कृष्णाजीच्या जिभेवर आले. वर माडीवर कुणीतरी कण्हलं. ते शब्द तिथेच राहिले. त्यानं वात खाली केली. तापलेल्या पत्र्याचा वास दिवाणखान्यात राहिला, आणि तो रिकाम्या हातांनी रस्त्यावर आला.

धारेला जायला दोन दिवस लागले, मध्ये इंदुरात मुक्काम. राजाबाई तळ्याकाठच्या एका अन्नछत्रात पाणी भरत होती. त्याला पाहून तिनं पदर सारखा केला, घागर खाली ठेवली, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तो प्यायला. ओट्याच्या पायरीवर बसला. ती उभीच राहिली.

"रघुजींनी चव्हाट्यावर सांगितलं," तो म्हणाला. "तुमच्यावर आळ नाही आता. परत या म्हणून सांगायला आलो."

"नको मास्तर. इथं बरं आहे."

"तुम्ही 'सांगा' म्हणालात आणि मी गप्प बसलो."

"हो," राजाबाई म्हणाली. "बसलात." तळ्यावर धोबी कपडे आपटत होते. तो आवाज पाण्यावरून उशिरा येत होता, हात वर गेल्यावर. मग तीच बोलली, "मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच पाट दिलात बसायला. एखादं अक्षर तुम्ही दोनदा सांगायचा, तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यासाठी. मागं ऐकू आलं नसेल म्हणून." त्यानं मान हलवली नाही, खोटंही सांगितलं नाही. ती म्हणाली, "ते जाऊ द्या. आळ काय, आज आहे उद्या नाही. पण इथं आले त्या दिवशी देवळाच्या दारावर पाटी पाहिली. म्हटलं, चला, वाचू. एक अक्षर ओळखीचं निघेना. दुसऱ्या पाटीवर गेले. तिथंही नाही. सगळ्या बाजारातून फिरले, मास्तर. डोक्यावरची टिंबं तेवढी ओळखीची, बाकी सगळी परकी. मला वाटलं, पोरांना तुम्ही खरं शिकवत होता, आणि मागं झिरपून आलं ते खोटं. दोन दिवस जेवले नाही."

कृष्णाजीनं उपरण्यात गुंडाळलेली काच काढली. मुळाक्षरांतल्या पहिल्या ओळीची. आकाशाकडे धरली. "बघा."

"हेच की!" ती चटकन म्हणाली, "घ, ग, ख, क. असंच होतं."

त्यानं काच फिरवली. ती पाहत राहिली. खाली वाकली, काचेच्या एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, मग त्याच्या हातातून काच घेऊन स्वतःच फिरवली, पुन्हा फिरवली. तिचे ओठ हलत होते. वर्षभर हलले असतील तसेच, आणि तो ते पहिल्यांदा पाहत होता. "म्हणजे खोटं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं. नुसतं वळवायचं."

ती पायरीवर बसली. त्याच्यापासून हातभर अंतरावर, पण बसली. तिनं काच आपल्या नेहमीच्या बाजूनं धरली आणि म्हणाली, "वाचा बघू इकडून, तुम्ही." तो वाचू लागला आणि चौथ्या अक्षरालाच अडखळला. ती हसली. "अहो मास्तर, तो घ. घ आहे तो." त्याला ते हसू पायरीवरच्या उन्हासारखं अंगावर लागलं, आणि मग ज्या प्रश्नासाठी तो दोन दिवसांची वाट तुडवून आला होता तो त्याच्या तोंडून निघाला. "राजाबाई, भिंतीवर तेच नाव का लिहीत होतात? रोज? हळद-कुंकू वाहून?"

"तेच पहिलं यायचं ना," ती म्हणाली, हे काय विचारणं अशा स्वरात. "तुम्ही पोरांना उभं करायचात. हात जोडायला लावायचात. मग सगळं शांत. कीर्तनात पहिलं काय येतं? देवाचं नाव येतं. त्यातला 'जय' मला लागला होता. जय कुणाचा म्हणतात? देवाचाच. पुढचं जोडून वाचता येईना. म्हटलं, वाचता नाही आलं तरी नमस्कार करायला काय हरकत आहे. पाणी भरण्याआधी एक ओळ काढायची, हात जोडायचे, मग विहीर." ती थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "कुठल्या देवाचं होतं, मास्तर?"

तळ्यावरचा आवाज थांबला होता, की त्यालाच ऐकू येत नव्हता. सांगू नये, असं त्याला वाटलं. विठ्ठलाचं होतं म्हणावं आणि उठावं. पण ज्या बाईनं त्याचं एक-एक अक्षर जसं दिसलं तसं जपलं होतं तिच्यापुढे आणखी एक उलटी काच धरायची त्याला हिंमत झाली नाही. "देवाचं नव्हतं," तो म्हणाला. "जयसिंगरावांचं होतं. कंदील त्यांनी दिला म्हणून. देवाच्या जागी ते मीच लावलं होतं."

राजाबाईनं काच मांडीवर ठेवली. मग तिनं विचारलं, "त्यांचा ताप उतरला का?"

"नाही. निघालो तेव्हा अंथरुणावरच होते."

"इथं भिंतीवर काढत नाही मी," ती म्हणाली, "पण रोज सकाळी मनात ते नाव काढते नि हात जोडते. आज सकाळीही जोडले." तिनं घागर जवळ ओढली, तिच्या काठावरून अंगठा फिरवला. "मग आता माणूस आजारी असताना मधेच कसं सोडू? त्यांना उठून बसू द्या. तोवर चालू दे. मग तुम्ही देवाचं नाव लिहून पाठवा. सरळ लिहा. वाचीन मी."

ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि तळ्याच्या पायऱ्या उतरू लागली. कृष्णाजी पायरीवर बसून राहिला. आपण हात जोडले आहेत हे त्याला बऱ्याच वेळानं दिसलं.

तर मायबाप, एवढंच. उद्या सकाळी तुम्ही आपापल्या देवापुढे उभे राहाल, तेव्हा माझं एक मागणं आहे. देवाला तर आठवालच. त्याच्याबरोबर, ज्यांनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं त्यांच्याच घरच्या आजाऱ्यासाठी पाणी भरण्याआधी हात जोडणारी राजाबाईही क्षणभर आठवा.